पेवाच्या तोंडाशी

महापूर ओसरून सतरा दिवस झाले होते.
विमावाल्यांना हळदीच्या पेवांचे फोटो हवे होते,
म्हणून मी हरिपुरात, घोट्याएवढ्या चिखलात,
गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश.

सिद्राम आंबी म्हणाला, वाईच थांबा.
दोरीला कंदील बांधून हळूहळू सोडला आत.
ज्योत तगली तर उतरायचं.
विझली तर काठावरूनच रामराम.

मी म्हणालो, माझ्याकडंही असलाच कंदील आहे.
फोटोच्या आधी हा बारीकशी ठिणगी टाकतो,
ती समोर आपटून लेन्समधून माघारी येते,
आणि माघारी किती आली ते बघून
हा ठरवतो, खरा उजेड किती सोडायचा,
कुठं तोडायचा.
पापणी लवायच्या आत सगळं.
"म्हंजे वसुली बघून उधारी," सिद्राम म्हणाला.

तसंच. फक्त एक खोड आहे:
सगळं जग त्याला राखाडीच वाटतं.
पांढरा शालू दिसला की म्हणतो पुष्कळ झालं,
हात आखडतो, नवरीचं तोंड काळवंडतं.
काळी घोंगडी दिसली की ओतत सुटतो.

सिद्राम काठावर बसला, मी बटण दाबलं.
ठिणगी वीस फूट खाली गेली,
ओल्या भिंतींना चाटून,
कुजलेल्या हळदीच्या वासात,
आणि आलीच नाही.
मग फ्लॅशनं होतं नव्हतं तेवढं सांडलं,
आणि कितीतरी वेळ डासासारखा
गुणगुणत भरत राहिला.

पडद्यावर पेव होतं तसंच काळं,
आणि काठावर एक पिठाचा गोळा, मिशीसकट.
सिद्रामनं डोळे बारीक करून पाहिलं.
"ह्यो कोन?"
मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. विम्याला मी कशाला?"

मला ते पटेना.
म्हटलं, तळहात धरा तोंडापुढं.
तीस वर्षं पोती उचललेला हात,
पुराच्या पाण्यानंही न सुटलेला पिवळा.
फ्लॅशला म्हटलं, पेवाला विचारू नकोस,
ह्याला विचार,
आणि मिळालेलं उत्तर अंगठ्यानं दाबून धरलं.
हात खाली घेतला त्यानं. मी बटण दाबलं.

गालावरचा देवीचा व्रणही आला त्यात.

विमावाल्यांनी तेवढा एक फोटो परत पाठवला.
मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं,
आतलं काही दिसत नाही,
नुसता माणूस दिसतो.