ळ

तुर्भे स्टोअरच्या समाजमंदिरामागे एक खोली आहे,
मंडपवाल्याच्या खुर्च्या ठेवायची.
दुपारी दोन ते चार ती आमची.
खुर्च्या भिंतीला लावायच्या, सतरंजी झटकायची
आणि चौदा मुलं मोजायची.
कधी अकरा भरतात. कधी सतरा,
कारण मार्केटात लसूण निवडायला निघालेली आई
मधल्यालाही सोडून जाते, कडेवरच्यालाही.

मी दहावी पास. तेही दुसऱ्या खेपेला.
वडील खाणीत सुरुंगाची भोकं मारायचे,
घरी आम्ही वडारी बोलायचो,
मराठी मला बाईंच्या पट्टीसोबत मिळाली.
इथेही एक पट्टी आहे, संस्थेने दिलेली.
तिने मी पंख्याचं अडकलेलं पातं ढकलते.

यंदा अक्षरं संपत आली होती.
तक्त्यात शेवटून तिसरं, बाळाचं चित्र.
मी म्हटलं, ळ.
मुलं म्हणाली, ळ.
सुग्रीव म्हणाला, ल.

पाच वर्षांचा. छठ झाल्यावर सिवानहून आलेला.
ल त्याला आधीच येत होता, लसणातला.
त्याचं म्हणणं, हाही तोच आहे,
नुसता वेगळा काढलाय.
मी आ करून दाखवलं, जीभ वळवून दाखवली,
तो मन लावून माझे दात बघत राहिला.
"ल."
कुणीतरी हसलं, मग सगळेच,
आणि तो उठून खुर्च्यांच्या चळतीमागे जाऊन बसला.
तीन दिवस तिथेच.
तिथूनच खिचडी, तिथूनच 'हजर'.

तसं या अक्षराचं काही खरं नाही.
कुठल्याच शब्दाच्या पुढे त्याला कुणी उभं करत नाही.
तक्ता छापणाऱ्यालाही ते
बाळाच्या मागून ओढून आणावं लागलं.
रात्री भाकऱ्या थापताना मी आठवत बसले,
शाळा, फळा, वेळ, जवळ,
तोवर डाळ करपली.

चौथ्या दिवशी रेणव्वा उठली.
आमच्यातलीच पोर, गुडघे कायम फुटलेले.
तिच्या फ्रॉकच्या खिशात गुळाचा खडा होता,
पोत्याचा एक धागा अजून चिकटलेला.
दातांनी फोडला,
अर्धा खुर्च्यांमागे नेला.
"ऊपर चिपका," तिचं हिंदी माझ्याहून वाईट,
"टाळूको. अब जीभसे निकाल.
हात नई लगानेका."

खोली गप्प.
पंखाही थांबला होता, पण तो लाईट गेली म्हणून.
खुर्च्यांमागे चोखल्याचा आवाज,
लाळ गिळल्याचा,
मग एक ओला, घसरता,
टाळूवरून सुटून खाली पडलेला
ळ.

"गूळ," रेणव्वा म्हणाली.
"गूळ," तो म्हणाला, भरल्या तोंडाने.
मी पाठ केली आणि उगाच फळा पुसला,
त्यावर काही नव्हतं.

साडेचारला रीमादेवी आली
(आमचे चार कधीच चारला वाजत नाहीत),
केसांत, बाहीवर लसणाची पापुद्री सालं.
त्याने तिला खाली वाकवलं,
मुठीत राखलेला चिकट कण तिच्या ओठांत कोंबला.
"जीभ ऊपर, माई."
तिने पदर तोंडावर घेतला.
बराच वेळ आत काहीतरी खटपट करत राहिली.
"ल," म्हणाली, आणि लाजली.
"कल फिर," तो म्हणाला,
अगदी माझ्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं तर
भिंतीवर, माझ्या कमरेपेक्षा जरा खाली,
मुंग्या.
त्याने गुळाच्या बोटाने गिरवून ठेवलं होतं, मला न सांगता.
दोन वेटोळी, एकमेकांना धरून, थोडी तिरकी,
आणि त्यांच्यावरून मुंग्या जात होत्या,
न चुकता वळत.

झाडू हातातच होता.
मुलं यायला दहा मिनिटं होती.
मी आधी खुर्च्या हलवायला घेतल्या.