पाय वाढून राहिला

सॉफ्टवेअरनं चारच स्थिती दिल्या होत्या:
प्रलंबित, प्रक्रियेत, पूर्ण, रद्द.
मे महिना, पारा सेहेचाळीसवर.
महालातल्या आमच्या दुकानाच्या माळ्यावर
कूलरमध्ये तिसरी बादली ओतून मी बसले,
लॅपटॉप पाटावर, खाली ओलं फडकं.

"प्रक्रियेत म्हंजे का?" मामंजींनी विचारलं.
दोऱ्याला मेण लावणं चालूच होतं.
"म्हणजे काम सुरू आहे."
"कोन्तं?"

खरंच, कोणतं?
आमच्याकडे आधी पाय कागदावर उभा राहतो,
पेन्सिल त्याच्या काठाकाठानं फिरते,
तळव्याच्या खोलगट भागाशी आली
की मोठमोठे ठेकेदारही हसू दाबतात.
मग कलबूत. कोणाची गाठ, कोणाचं हाड बाहेर आलेलं,
तेवढ्याच जागी चामड्याची चकती चिकटवून
लाकडालाही तेच दुखणं द्यायचं.
मग कातडं रात्रभर पाण्यात.

"तसंच लिही," म्हणाले, "कातडं भिजून राहिलं."
लिहिलं. रंग मागितला, निळा दिला.
"कलबुतावर बसलं." याला मातकट.
"नत्थूजी भंडाऱ्याले गेले."
ही कुठली स्थिती, म्हटलं.
म्हणाले, "टाच दुसरा कोन बसवते इथं?"
तीही घातली. राखाडी.
"पाय दाखवायला या" ही शेवटची,
तिच्यात आम्ही थांबायचं आणि गिऱ्हाइकानं चालायचं.

स्थिती बदलली की मेसेज आपोआप जातो,
हे मला उशिरा कळलं.
तोवर सदरच्या निवृत्त हेडमास्तर डोईफोडेंना
एका दुपारीत अकरा गेले होते:
भिजून राहिलं, बसलं, भिजून राहिलं, रद्द, भिजून राहिलं.
कानाडोक्याला दुपट्टा गुंडाळून ते स्वतः जिना चढून आले.
"सूनबाई, माझ्या जोड्याले ताप आला का?"
मामंजी इतके हसले की आरी खाली ठेवावी लागली.

मग "पूर्ण".
त्यात काय बिघडणार होतं!
रोशनी उईके, रामटेक, वय नऊ,
डावा पाय दीड इंच आखूड, तळ उंच.
जोडा दिला, पैसे मिळाले, मी बटण दाबलं.
संध्याकाळी तिच्या आईचा फोन.
"मॅडम, पूर्ण झालं म्हणून आलं.
मंग पुढच्या साली नाही देनार का?"

मी नाही, तसं नाही, म्हणत राहिले,
तिला ते पुरेना, मलाही.

मामंजींना सांगितलं.
ते उठले, खिडकीजवळच्या खुंटीवरून
एका सुतळीत ओवलेली कलबुतं काढून
माझ्यासमोर पाटावर ठेवली.
सहा. पहिलं तळहातावर मावेल एवढं,
प्रत्येकावर साल खरडलेलं.
सुतळीला वीतभर टोक अजून मोकळं होतं.
बोलले काहीच नाहीत,
पाणी प्यायला गेले.

नवी स्थिती जोडली.
सॉफ्टवेअरनं विचारलं: ऑर्डर बंद समजायची? नाही.
मालावर थकबाकी आहे? नाही.
महिन्याच्या हिशेबात धरायची?
इथं जरा थांबले. नाही.
रंग?
तो चौकोन रिकामाच ठेवला, चाललं.

डोईफोडेंचा जोडा गेला, नत्थूजी परत आले,
राखाडी रांगा एकेक करून मातकट झाल्या.
मारबत झाली, दिवाळी झाली.
हुडहुडी भरणाऱ्या एका सकाळी
यादी खालीवर करताना ती बिनरंगाची ओळ दिसली.
बघू तरी, म्हणून मेसेज पुन्हा पाठवला:
"पाय वाढून राहिला."

चहा व्हायच्या आत रामटेकहून उत्तर:
"हो जी. अंगठा टेकून राहिला."

मी मोठ्यानं वाचलं.
मामंजींनी कानावरची पेन्सिल काढली,
टोक पाहिलं,
आणि ब्लेड मागितलं.