शुद्धिपत्र

राजधानीहून पत्र आलं, तीन शिक्के मारलेलं:
'आशू' साप्ताहिकानं खाणीतले मृत चौदा छापले,
ते अकरा आहेत.
शुक्रवारच्या अंकात, पहिल्या पानावर, चूक दुरुस्त करावी.

बुरुल एशिमोवानं ते दोनदा वाचलं,
चष्मा डोक्यावर सरकवला, खोकली,
मला म्हणाली, "तालाय, पहिल्या पानावर जागा ठेव.
हातभर नको. वीतभर."

मी पानं लावतो. आकडे मला जागेसारखे दिसतात:
अकराला लागते तेवढीच चौदाला.
म्हणून विचारलंही, आता सांगताना लाज वाटते,
एजे (नारिनच्या खोऱ्यात आम्ही ताईला एजे म्हणतो),
तीन माणसांनी काय बिघडतं?
ती बोलली नाही. बूट चढवले.

त्याच आठवड्यात ती बाजारातल्या फोनांवर दिसू लागली.
तोच चष्मा, तोच राखाडी रुमाल,
सांगत होती: पैसे घेतले, नावं रचली, क्षमा करा.
जिभेला हाड नसतं; हिला तर जीभही नव्हती,
कुणीतरी कुठंतरी बसून ओठ हलवले होते.
पोस्टमननं पाहिलं.
माझ्या सासऱ्यानं पाहिलं, आणि जेवता जेवता मलाच दाखवलं.
नान विकणारी सेयिल तेवढी तंदुरातून डोकं वर काढून म्हणाली,
"पाच मिनिटं बोलते आणि एकदाही खोकत नाही?
ही आमची बुरुल नव्हे."
पण सेयिलचं कोण ऐकतं.

बुरुल तेव्हा वर गेली होती,
खाणीच्या वाटेनं, जिथं बस जात नाही,
पिठाची पोती नेणाऱ्या ट्रकात बसून.
ज्या तिघांची नावं हजेरीवर नव्हतीच
त्यांची दारं तिनं ठोठावली.
एका घरी मजुरीची वही निघाली,
एका घरी नुसती टोपी.
तिसऱ्या घरी आई होती.
तिनं आमचा अंक घडी करून पिठाच्या डब्यात जपला होता.
"तुमची चूक आहे," ती म्हणाली,
आणि बुरुलच्या पोटात गोळा आला (हे तिनंच मला सांगितलं).
"एर्मेन नाही. एर्मेक.
शेवटी न नाही, क.
एर्मेक म्हणजे विरंगुळा.
सात मुलींनंतरचा."

शुक्रवारी, वीतभर चौकटीत:
*शुद्धिपत्र. गेल्या अंकात चौदावं नाव एर्मेन असं छापलं गेलं.
ते एर्मेक असं वाचावं.
त्याच्या आईची आम्ही माफी मागतो.
बाकी मजकूर होता तसाच आहे.*

सोमवारी दाराला सील लागलं.
लाख अजून ऊन होती.
चिकटवलेल्या कागदावर आमच्या गल्लीचं नाव चुकलं होतं;
बुरुलनं खिशातून पेन्सिल काढली
आणि शिपायादेखत ते सुधारलं.
शिपाई पोरगेलासा होता. त्यानं कागद धरून ठेवला, हलू नये म्हणून.

मी आता दुसऱ्या गावात लग्नपत्रिका लावतो.
नावं दोनदा वाचून घेतो, गिऱ्हाईकं वैतागतात.
काल सेयिलचा फोन आला:
नान अजून त्याच अंकात गुंडाळते, गठ्ठे संपत नाहीत.
बुरुलची तारीख पुन्हा पुढं गेली.
खोकला वाढलाय.
कोर्टात म्हणे मागच्या बाकापर्यंत ऐकू येतो.