तळणीचं तेल

चाच्यांच्या जहाजात मी आचारी आहे.
जहाज सिमेंटचं, फ्लोरिडाच्या उन्हात
कधीच कुठे न निघालेलं.
दर वीस मिनिटांनी तोफ उडते
आणि टेबलांवरचे पेले थरथरतात.
माझ्या टोपीवर कापडी पोपट शिवलेला आहे.
टोपी काढायची परवानगी नाही.

टेबल एकतीस. चिठ्ठीवर लाल शाईत
दूध, अंडं, शेंगदाणा, तीळ.
अशी चिठ्ठी आली की मी स्वतः बाहेर जातो,
हात पुसत, वही घेऊन.
एरवी आया बोलतात. पाठ झालेलं, भराभर,
माफी मागितल्यासारखं,
जणू पोरानं आत्ताच काहीतरी फोडलंय.

ही आई मात्र गप्प.
तिनं नुसतं मुलीकडे बोट केलं.

मुलगी आठेक वर्षांची,
गालावर रंगवलेल्या वाघाच्या मिशा, घामानं निम्म्या पुसलेल्या.
कमरेला पट्टा, पट्ट्यात दोन इंजेक्शनं,
खऱ्या चाच्याच्या पिस्तुलांसारखी.
भाऊ टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला
आइस्क्रीम खात. त्याला चालतं.
खाऊन झालं की आधी साबण, मग बहीण.

"मी टॅमझिन. आज मीच विचारणार आहे.
खरं सांगायचं."

पाव कुठून येतो. पुडा आणा. वाचून दाखवा.
नाही, सगळं, बारीक अक्षरसुद्धा.
चीजला हात लावल्यावर मोजे बदलता?
की नुसते झटकता?

(माझ्या गावी, जाकमेलला,
जेवणाआधी प्रश्न एकच असायचा:
उरलंय का.)

आईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता,
शाळेच्या नाटकात
विंगेत उभ्या राहिलेल्या बाईंसारखे.
तोफ उडाली. मुलगी थांबली.
धूर विरला तसा पुढचा प्रश्न आला:
"तळणीचं तेल वेगळं आहे?"

आहे. जांभळ्या दांड्याची जाळी, वेगळी कढई,
बटाट्याखेरीज तिच्यात काही पडत नाही.
हे मी दिवसातून तीसदा सांगतो.
जिभेवर आलंही होतं.

पण सकाळी, गर्दीच्या भरात,
नव्या पोरानं, डेशॉननं, तिच्यात
चीजच्या कांड्या सोडल्या होत्या.
मी ओरडलो. तेल बदललं, म्हणाला.
बदलताना मी पाहिलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.
आमच्या नियमांच्या पुस्तिकेत
हे तीन शब्द कुठेच नाहीत.

वाटलं, आता रडेल.
तिनं मान हलवली,
बँकेत कर्ज नाकारलेली मोठी माणसं हलवतात तशी.
"बरं. मग फ्राइज नकोत."

आठ वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलेली ती बाई.
तिनं क्षणभर पापण्या मिटल्या,
मग पिशवीतून डबा काढला.
गार भात, राजमा, संत्र्याच्या फोडी.

मी आत गेलो. अख्खं कलिंगड उचललं,
पाकीट न फोडलेली सुरी घेतली
आणि बाहेर येऊन, तिच्या समोर,
तिच्याच पाण्यानं दोन्ही धुतली.
तिनं सुरीच्या दोन्ही बाजू पाहिल्या.
"चालेल."
रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला,
उरल्यासुरल्या मिशाही गेल्या.

निघताना मागे वळली.
"हा पोपट खरा आहे?"
नाही.
"माहीत होतं. नुसतं तपासलं."

रात्री जहाजाचे दिवे मालवल्यावर
मी कढई एकट्यानं रिकामी केली.
वीस लिटर. सोनेरी, नितळ.
दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिलं.
काही दिसलं नाही.
तेलात दिसत नाहीच.