डावी बाजू

इथल्या समुद्री धुक्याला हार म्हणतात.
तेवीस वर्षं झाली डंडीत, तरी कुणी म्हणालं
"आज हार येणार", की मला आधी
गळ्यात घालायचा आठवतो, मग पत्करायची ती.
आज सकाळी टे नदीवरचा पूल निम्माच होता,
पुढचे खांब जणू अजून बांधायचेच राहिलेत.

प्रयोगशाळेत मात्र सगळं लख्ख.
बर्फावर गार केलेला मेणाचा ठोकळा,
पातं फिरतं आणि फीत निघते अखंड,
सुरळीच्या वडीहून कितीतरी पातळ.
ती कोमट पाण्यावर सोडायची, श्वास रोखून,
सुरकुती न पडता काचेवर उचलायची.
मग जांभळा रंग. मग गुलाबी.
रोजचंच आहे. यकृतं, आतडी, तीळ, गाठी.
माणसं येत नाहीत आमच्याकडे, नंबर येतात.

हा नंबर माझा आहे.

आपलं आपण कापायचं नाही, असा नियम.
म्हणून मे महिन्यात काढलेला माझा अंडाशय
एलीनं कापला. गाठ साधी निघाली.
आणि आज चहाच्या कपाशेजारी
एक काच ठेवून, काही न बोलता,
ती जेवायला गेली.

डोळा लावते.

कडेला, सालीच्या लगेच खाली, झोपलेल्या पुटिका.
किती थोड्या उरल्यात.
जन्मले तेव्हा लाखांनी होत्या.
आईनं लेकीला काही दिलं नाही, ही सासूबाईंची तक्रार;
त्यांना हे दाखवायला हवं होतं,
पोटात असतानाच बांधून दिलेलं.
प्रत्येकीत एक अंडपेशी, भोवती चपट्या पेशींचा एकच पदर.
विभागायला लागली आणि मध्येच थांबली,
वाक्य स्वल्पविरामावर सोडून कुणी
दार उघडायला उठावं तशी.
सेहेचाळीस वर्षं दारातच.

थोडं आत एक जागी झालेली.
पदर वाढलेत, पेशी भिजल्या साबुदाण्यासारख्या
एकमेकींना खेटून, अंडपेशीभोवती काचेचं कडं,
आणि मध्ये पाणी साचू लागलेलं.
दिवस मिळते तर तळं झालं असतं,
उंचवट्यावर बसलेलं बीज, आणि एका दुपारी
भिंत फाटून

पुढचं मला शिकतानासुद्धा खरं वाटलं नव्हतं:
अंडाशय आणि नळी जोडलेली नसतात.
मध्ये उघडी फट.
नळीची झालर नुसती हलत असते,
आणि बीज सुटतं
कुणीतरी झेलेल असं धरून.

दर महिन्याला कितीतरी जणी निघतात, पोचते एक.
बाकीच्या वाटेतच विरतात, त्यांचं नावही निघत नाही.
फुटलेलीच्या जागी पिवळा पिंड,
चौदा दिवसांची नोकरी,
मग पांढरा वळ.

मी वळ मोजते. सात.
यातला एक नीहार असेल का?
नाव इथल्या धुक्यावरूनच ठेवलेलं,
आता ग्लासगोला असतो, रविवारी फोन करतो.
आणि एक ती नऊ आठवड्यांची,
जिच्यासाठी नाव शोधायला घेतलं नव्हतं अजून?
काचेवर काही लिहिलेलं नसतं.
वळही पुसट होत जातात, वीस वर्षं कुठली टिकायला.
कदाचित दोघंही उजवीकडचे.

एली परत येते. "सापडलं काही?"
"रंग छान चढलाय," मी म्हणते,
आणि खरंच छान चढलाय.

पाच वाजता धुकं तसंच.
बस दिसत नाही, नुसता दिवा दिसतो.
मी धावते.
उजवा अजून आत आहे, माझ्यासोबत धावतो,
चालू आहे की आवरतं घेतलंय त्यानं,
मी विचारलेलं नाही.