इस्मेचा पलंग

त्रिनिदादच्या ला ब्रेआ गावात
एकही भिंत ओळंब्यात नाही.
इस्मेच्या ओट्यावर लिंबू ठेवलं
तर ते आपलं आपण दाराकडे निघतं,
निरोप घेतल्यासारखं.
दर वर्षी ती पलंगाच्या डाव्या पायाखाली
आणखी एक फळकूट सारते
आणि भिंतीवरच्या फोटोला सांगते,
"कथबर्ट, तुझं तळं पुन्हा हललं."

तळं म्हणजे पाणी नव्हे.
शंभर एकर डांबर,
हत्तीच्या कातडीसारखं सुरकुतलेलं,
सुरकुत्यांत पावसाचं पाणी
आणि त्या पाण्यात करंगळीएवढे मासे.
वरून चालता येतं.
उभं राहता येत नाही.
थांबलात की टाचेखाली बशी होते,
मग वाटी,
मग तुम्ही बूट सोडवत बसता.

खाली, फार खाली,
पृथ्वीचे दोन पत्रे एकमेकांना घासतात.
खडक तडकतो, तड्यातून तेल चढतं:
कुठल्याशा जुन्या समुद्रातले सूक्ष्म जीव,
मेलेले, दडपलेले, शिजलेले.
हलकं ते उडून जातं.
जड ते मागे राहतं,
बुडबुडे सोडत, कूस बदलत.

इस्मेची भाची कर्लिन विद्यापीठात शिकते.
ती बाटलीत डांबर घेऊन आली, म्हणाली,
मावशी, यात पाण्याचे थेंब आहेत, मोहरीहून बारीक,
आणि एकेका थेंबात वस्ती आहे.
प्राणवायू नाही, ऊन नाही,
तेल खाऊन पिढ्या काढतात.
इस्मे मासा साफ करत होती.
"म्हणजे आपल्यासारखंच की," एवढंच बोलली.

होड्यांच्या फटी बुजवायला
इथली माणसं हे कधीपासून वापरत होती, कोण जाणे.
मग एक इंग्रज कप्तान गळकी गलबतं घेऊन आला,
उन्हात पाघळत नाही म्हणून खूश झाला,
आणि त्यानंतर कुणी ना कुणी येतच राहिलं.
पिंपं गेली, जहाजं गेली,
दूरदूरच्या शहरांत
बग्ग्यांची चाकं आवाज करेनाशी झाली.
ला ब्रेआचा रस्ता मात्र अजून
तव्यावरच्या पापडासारखा फुगतो.

कथबर्ट कुदळ मारायचा.
शुक्रवारी केलेला खड्डा
सोमवारी अर्धा भरलेला.
तो म्हणायचा, अशी नोकरी कुणाला मिळते?
संपतच नाही.
अठ्ठावन्न साली कुदळ निसटली.
तळ्याने ती घाईघाईने नाही गिळली,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत दांडा दिसत होता,
पण ओढायला जाणार कोण.
कंपनीने तीन आठवड्यांच्या पगारातून पैसे कापले.
"येईल परत," तो मरेपर्यंत म्हणत राहिला.
"तळं चोर नाही. नुसतं सावकाश आहे."

खरंच देतं ते परत.
एकदा अख्खं झाड वर आलं होतं,
हजारो वर्षांचं, उभंच्या उभं,
काही दिवस जगाकडे बघून पुन्हा खाली गेलं.
कुणाला दात सापडला, नामशेष जनावराचा.
कुणाला कोरीव लाकडी आसन,
बसणाऱ्याचं नाव-गाव नसलेलं.

गेल्या मार्चमध्ये रॉल धावत आला.
पर्यटकांना तळं दाखवणारा रॉल, ढोपरापर्यंत काळा.
हातात दांडा.
इस्मेने तो रॉकेलने पुसला, चिंधी संपली, पदर नसलेला झगा वापरला.
लाकडावर दोन अक्षरं निघाली.
कथबर्टची नव्हती.

गावात विचारलं. कुणाला आठवेना.
कुणाचे तरी तीन आठवडे,
एवढंच ठरलं.

रॉल म्हणाला, संग्रहालयाला देऊ.
ती म्हणाली, देऊ, उद्या.
आणि पलंगाची फळकुटं काढून
दांडा आडवा सारला पायाखाली.

त्या रात्री पलंग पहिल्यांदाच उजवीकडे कलला.
अंधारात इस्मे कितीतरी वेळ हसत होती.
मग तिने एक शब्द उच्चारला,
आपल्या भाषेत त्याचा अर्थ जेमतेम
'डांबरट' असा होईल.
तळ्याला म्हणाली की कथबर्टला,
की त्या दोन अक्षरांना,
कर्लिनने विचारलं नाही.