पहिला तास

"मागे घे," ऑर्लिन म्हणतो. "अजून. अजून.
थांब म्हणालो की थांबायचं, त्यानंतर नाही."
दुधाच्या उपड्या कॅनवर बसलाय तो,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून,
थरथर कुणाला दिसू नये म्हणून.
कुणाला म्हणजे मला.
गोठ्यात दुसरं कोण आहे?
गायी जाऊन सोळा वर्षं झाली.

अ‍ॅलिस सत्तावन सालची. तेव्हा नारिंगी होती,
अजून आहे, जिथे माणसाचा हात पोचत नाही तिथे.
तिच्या पोटाखाली नरसाळ्यासारखं एक तोंड आहे,
नांगराची हळस त्यात शिरली
की आतला आकडा आपण होऊन पडतो.
खट्.
तो आवाज मी जन्मभर स्वयंपाकघरातून ऐकला.
तो ऐकला की कळायचं, आता दुपारपर्यंत
कॉफी मागायला कुणी येत नाही.

गवताची गाडी मी ओढली, दाताळं ओढलं,
गेलर्ड ब्रेकीचा ट्रक बर्फातून ओढून काढला.
नांगर नाही.
नांगराचा विषय निघाला
की आमच्या घरातली माणसं एकदम पुरुष व्हायची.

खट् होत नाही.
"आकडा झिजलाय," ऑर्लिन म्हणतो.
"स्प्रिंग गेली असेल. तू तिरकी आलीस."
मी उताणी होऊन खाली सरकते, टॉर्च दातांत.
नरसाळ्यात उंदराचं घर:
मक्याची साल, शेवरीसारखं काहीतरी, निळी लोकर.
लोकर ओळखीची.
"तुझा हातमोजा."
तो जरा थांबतो.
"डावा?"
"ते उंदरालाच विचार."

मग खट्.
दोघंही काही बोलत नाही.
उचलायचे दांडे अडकवले, खिळी मारल्या,
आता डाव्या चाकाखाली ओकचा ठोकळा,
तासाच्या खोलीइतका जाड.
कारण रानात उजवं चाक तासात उतरणार,
अ‍ॅलिस एका अंगाला कलणार,
आणि ती कललेली असताना नांगर सपाट बसला पाहिजे.
"गोठ्यात सरळ लावलेला नांगर
रानात वाकडा चालतो," तो म्हणतो.
हे त्याला वडिलांनी सांगितलं होतं.
मला कुणी सांगितलं नव्हतं, पण ऐकलं होतं.
खिडकी उघडी असायची.

पण पहिल्या खेपेला चाकाला उतरायला तासच नसतो.
हे त्यानं सांगितलं नाही.
मक्याच्या खुंटांमधून नांगर उजव्या पायानं लंगडत निघाला,
वळणदार पत्र्यावरून माती उलटेना,
नुसतीच गंजाला चिकटून बसली.
दोनदा उतरून मी ती काठीनं खरवडली.
दरीच्या पलीकडच्या ओकाच्या झाडावर नजर ठेव, म्हणाला होता.
ठेवली. झाड हललं नाही, मीच हलले.

दुसऱ्या खेपेला चाक धप्पकन खाली गेलं,
अख्खी मी उजवीकडे कलले,
आणि मागे काहीतरी शांत झालं.
वळून पाहिलं तर माती पानासारखी उलटत होती,
काळी, ओली, एकसारखी.
चौथ्या खेपेला पत्रा इतका लखलखला
की त्यात आभाळ दिसलं, आणि माझा बूट.

एक दगड लागला. बर्फाच्या नदीनं आणून टाकलेला.
दर वर्षी आम्ही वेचतो,
दर वर्षी जमीन नवे वर ढकलते.

आम्ही तासाला तास म्हणतो ते बरोबरच आहे.
एक घालायला एकच लागतो.

संध्याकाळी तो बांधापर्यंत चालत आला, काठी न घेता.
बराच वेळ पाहत राहिला.
"पहिला वाकडा आहे.
रविवारी चर्चला जाणारे सगळे बघतील."
"तुझाही होता. घोड्यांचा."
"घोड्यांचा दोष होता."

मग कोटाच्या खिशात बराच वेळ चाचपलं,
माझ्या तळव्यावर एक वायसर ठेवला, ग्रीसनं काळा,
त्याच्या बोटांतून निसटून पडायच्या आत मी मूठ मिटली.
"उजव्या खिळीला घाल. ती खुळखुळते.
त्रेसष्टपासून घालायचा राहिलाय."